बिघडलेला क्रँक पुन्हा बांधताना: इंजिन तिसऱ्यांदा खोलावं लागू नये म्हणून

"भाऊ, महिनाही नाही झाला इंजिन बांधून, अन् पुन्हा ठोकून राहिलं." यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, नेर, आर्णी या पट्ट्यात हे वाक्य मी दर हंगामात ऐकतो. गाडी बहुधा जुनी डिझेल जीप असते, नाहीतर दहा-बारा वर्षं झालेली छोटी पेट्रोल गाडी. मालकाच्या खिशातून पंचवीस-तीस हजार आधीच गेलेले असतात.

अशी इंजिनं खोलली की दोष क्वचितच क्रँक (पिस्टनच्या ढकलण्याने फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा) घासणाऱ्या ग्राइंडिंग मशीनचा निघतो. चुका असतात त्या मशीनवर क्रँक जायच्या आधीच्या आणि तिथून आल्यानंतरच्या. क्रँक का बिघडला ते कोणी पाहिलेलं नसतं, माप घेतलेलं नसतं, तेलाच्या वाटा धुतलेल्या नसतात. क्रँक पहिल्या साइझला घेतला (म्हणजे ठरलेल्या मापाने घासून बारीक केला), शेल (क्रँकभोवतीच्या बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) टाकले, आवळलं, झालं. खाली टप्पे दिले आहेत त्या क्रमानेच जा. क्रम मोडला की पैसे दोनदा जातात.

टप्पा १: इंजिन बंद, पुरावा हातात

खालून जड ठक-ठक येत असेल, गरम झाल्यावर ऑइलची लाल बत्ती आयडलला मिचकत असेल, तर गाडी तिथेच थांबवा. "गावापर्यंत नेतो हळूहळू" या दहा किलोमीटरमध्ये पहिल्या साइझचा क्रँक तिसऱ्या साइझला जातो, कधी कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) ब्लॉक फोडून बाहेर येतो. न्यूट्रलला टाकून ओढून आणा.

काम नुकतंच एखाद्या गॅरेजमध्ये झालेलं असेल, तर खोलण्याआधी त्यांना लेखी कळवा. व्हॉट्सअॅप चालेल, पण तारीख दिसली पाहिजे. "अमुक दिवशी खोलतोय, समोर या." आले तर उत्तम, नाही आले तर प्रत्येक पायरीचा फोटो काढा आणि जुने शेल फेकू नका. सेवेतल्या त्रुटीची तक्रार ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत करता येते. पण खोललेलं इंजिन आणि हरवलेले शेल घेऊन गेलात तर तुमच्या बाजूने बोलायला काहीच उरत नाही.

तेल पांढऱ्या, धुतलेल्या धोतराच्या कापडातून गाळा. फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटले तर लोखंड, म्हणजे क्रँक, रिंग, सिलिंडर किंवा शेलची पाठ. न चिकटणारे तांबूस किंवा चंदेरी कण बेअरिंगच्या अस्तराचे असण्याची शक्यता जास्त.

तपासा: इंजिन अजून सुरू होण्यासारखं असेल, तर बत्तीच्या स्विचच्या जागी काट्याचं ऑइल प्रेशर गेज लावून आधी आकडा लिहून घ्या. स्विचच खराब असल्याने खोललेली इंजिनंही मी पाहिली आहेत.

टप्पा २: खोलताना शेल वाचा

सगळ्यात जास्त माहिती या टप्प्यात मिळते, आणि सगळ्यात जास्त घाईही इथेच होते. मेन कॅप (क्रँकला ब्लॉकशी धरणारी झाकणं) सैल करण्याआधी क्रँक पुढे-मागे ढकलून डायल गेजने एंड फ्लोट, म्हणजे क्रँकची सरक, मोजा. बहुतेक छोट्या गाड्यांत तो ०.१० ते ०.३० मिमीच्या आसपास असतो. नेमकी मर्यादा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायची. फार जास्त निघाला तर थ्रस्ट वॉशर (ही सरक आवरणाऱ्या चकत्या) संपलेत, आणि त्यामागे बहुधा क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असते.

मग खुणा बघा. मेन कॅपवर क्रमांक आणि पुढची दिशा दाखवणारा बाण असतो. कनेक्टिंग रॉडवर क्रमांक रॉडला आणि कॅपला एकाच बाजूला असतात. आधीच्या मिस्त्रीने स्वतःचे पंच मारले असतील तर त्यावर भरवसा ठेवू नका. शेलच्या जिभेच्या खाचा रॉडवर आणि कॅपवर बहुतेक इंजिनांत एकाच बाजूला येतात, त्यावरून पडताळा. खुणा नसतील तर तुम्ही करा, पण जोडाच्या पृष्ठभागावर नाही, बाहेरच्या अंगावर.

शेल काढले की अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने मांडा, वरचे वर, खालचे खाली. आता उन्हात नेऊन नीट बघा.

सगळ्या शेलवर मऊ थर सारखाच जाऊन तांबूस दिसतोय: तेल कमी, जुनं, किंवा प्रेशरच नव्हतं. ऑइल पंप आणि त्याच्या जाळीकडे जा.

गोल गोल बारीक रेघा आणि त्यात रुतलेले काळे दाणे: घाण. नुकतंच काम झालेलं असेल तर ही घाण रस्त्याची नाही, ग्राइंडिंगची.

एकच शेल जळून काळा, बाकीचे ठीक: त्या एका जर्नलची (क्रँकचा शेलमध्ये फिरणारा गोल भाग; ब्लॉकमध्ये बसतो तो मेन, रॉड बसतो ती पिन) तेलाची वाट बंद, नाहीतर शेल उलटसुलट बसवलेला. मेनचा भोक आणि खाच असलेला शेल बहुतेक इंजिनांत ब्लॉकमध्ये वर बसतो. तो खाली कॅपमध्ये टाकला की तेलाची वाटच बुजते. ही चूक मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिली आहे.

वरच्या शेलची एक कड आणि खालच्याची विरुद्ध कड घासलेली: रॉड वाकलेला आहे. नवीन शेल टाकून उपयोग नाही.

जोडाजवळ, समोरासमोरच्या दोन बाजूंना घासलेलं: कॅप सरकलेली किंवा उलटी बसवलेली.

शेलची पाठ गुळगुळीत चकाकतेय, जीभ चेपलेली: शेल आपल्या घरात (बसायच्या जागेत) फिरत होता. पाठीमागे कागद किंवा पत्रीचा तुकडा सापडला तर कारण शोधायला लांब जायला नको.

मधल्या मेनवर दोन्ही शेल बाकीच्यांपेक्षा फार घासलेले: क्रँक वाकला असल्याची शंका घ्या.

सावधान: कारण सापडेपर्यंत क्रँक ग्राइंडिंगला पाठवू नका. आधीच्या गॅरेजने नेमकं हेच केलेलं असतं.

टप्पा ३: मोजणी

आपल्याकडे मे महिन्यात शेडखाली ४३-४४ अंश असतं, आणि क्रँक टेम्पोच्या तापलेल्या पत्र्यावरून उतरवलेला. ५० मिमीचं जर्नल २५ अंशांनी जास्त गरम असेल तर सुमारे ०.०१४ मिमी फुगलेलं असतं. ऐकायला काही नाही, पण जर्नल किती लंबगोल चालेल याची मर्यादाच अनेक गाड्यांत एक-दोन शतांश मिलिमीटर असते. म्हणून क्रँक, ब्लॉक, रॉड आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि सकाळी सहा-सातला मोजा. मोजण्याआधी मायक्रोमीटरचा शून्य त्याच्या दांडीवर तपासा. मायक्रोमीटर मुठीत धरून बसू नका, हाताच्या ऊबेनेही फ्रेम फुगते.

प्रत्येक जर्नल लांबीत दोन जागी, आणि प्रत्येक जागी एकमेकांना काटकोनात दोनदा मोजा. एका जर्नलचे चार आकडे झाले. काटकोनातल्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे ओव्हल, लांबीतला फरक म्हणजे टेपर. पिन पिस्टन वरच्या टोकाला असताना ज्या अंगावर दाब घेते तिथे जास्त झिजते, तो अंग चुकवू नका. सगळं वहीत लिहा. डोक्यात ठेवलेला आकडा ग्राइंडिंगवाल्याच्या दुकानात पोचेपर्यंत बदलतो.

आता इथे बरेच मिस्त्री फसतात. जर्नलवरचा चरा किती खोल आहे ते पाहतात आणि तेवढीच साइझ धरतात. चरा एका बाजूला असला तरी घासायचं सगळीकडून असतं, म्हणून व्यासातून दुप्पट जातं. समजा पिन स्टँडर्ड ४५.०० मिमी आहे आणि चरा ०.०६ खोल. व्यास किमान ४४.८८ वर आणावा लागेल, म्हणजे ०.२५ च्या साइझमध्ये, ४४.७५ ला, आरामात निघतो. पण चरा ०.१५ खोल असेल तर ४४.७० लागेल, आणि पहिली साइझ हातातून गेली, ०.५० लाच जावं लागतं. लेथवाले दहा थाऊ, वीस थाऊ म्हणतात ते याच साइझ: थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, दहा थाऊ म्हणजे साधारण ०.२५ आणि वीस म्हणजे ०.५०.

एक पिन जरी ०.५० ला गेली तरी सगळ्या पिना ०.५० लाच घ्यायच्या, कारण शेलचा सेट एकाच साइझचा मिळतो. मेन वेगळ्या साइझला राहिले तरी चालतात.

पुढे क्रँक दोन व्ही-ब्लॉकवर टोकाच्या मेनवर ठेवून, मधल्या मेनवर डायल लावून फिरवा. काटा जितका फिरतो त्याच्या निम्मा वाक. तारेला टांगून हातोड्याने हलकं ठोकल्यावर घंटेसारखा लांब आवाज आला तर चांगली खूण. बद्द आवाज आला तर तडा असू शकतो. पण आवाज चांगला आला म्हणजे तडा नाहीच असं धरू नका, चुंबकीय तपासणी नागपूर, अमरावती, अकोल्याच्या मोठ्या मशीन शॉपमध्ये करून घ्या.

क्रँकइतकीच महत्त्वाची दोन मापं राहतात: ब्लॉकची मेन लाइन (मेन बसतात त्या भोकांची रांग) आणि कनेक्टिंग रॉडचं मोठं तोंड. शेल न टाकता कॅप लावून पूर्ण टॉर्कने (मॅन्युअलमधल्या ठरलेल्या जोराने) आवळा आणि बोअर गेजने गोलाई पाहा. आधी कोणी कॅप फाइलने घासली असेल तर भोक लंबगोल निघतं. मग रॉड रिकंडिशन करावे लागतात किंवा बदलावे लागतात, आणि मेन कॅप घासल्या असतील तर लाइन बोअर (ती सगळी भोकं एका रेषेत पुन्हा कातणं). कॅप फाइलने घासून ढिलाई (शेल आणि जर्नलमधली फट) कमी करणं हा क्रँकपेक्षा महाग पडणारा उपाय आहे.

टप्पा ४: ग्राइंड करायचा की बदलायचा

तडा असेल तर क्रँक भंगारात. वेल्डिंग मारून भरून दिलेला क्रँक पाणी उपसायच्या जुन्या संथ इंजिनात एखादवेळ चालून जातो, गाडीत नाही.

जर्नल निळं-जांभळं पडलं असेल तर पोलाद इतकं तापलंय की त्याची कडकाई गेली असण्याची शक्यता आहे. हार्डनेस तपासून घ्या, नुसतं घासून रंग घालवू नका.

काही क्रँक नायट्रायडिंग केलेले असतात, काही इंडक्शनने कडक केलेले; दोन्ही पृष्ठभाग कडक करायच्या पद्धती. नायट्रायडिंगचा कडक थर मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच असतो, इंडक्शनचा बराच खोल. नायट्रायडिंगचा क्रँक मोठ्या साइझला घेतला की मऊ पोलाद उघडं पडतं आणि पुन्हा नायट्रायडिंग करावं लागतं. नव्या गाड्यांपैकी काहींना कंपनी अंडरसाइझ शेल देतच नाही. तिथे चर्चाच संपते.

जुन्या बाजारातला क्रँक घेणार असाल तर टप्पा ३ त्यालाही लागू. दुकानदार "स्टँडर्ड आहे" म्हणतो; मायक्रोमीटर सोबत न्या.

टप्पा ५: आधी शेल हातात, मग ग्राइंडिंग

हा क्रम चुकल्याने झालेलं नुकसान मोजायचं म्हटलं तर वही पुरणार नाही. क्रँक ०.५० ला घेऊन येतात, मग कळतं की त्या मॉडेलचे ०.५० चे मेन शेल मिळतच नाहीत. मग पाठीमागे पत्री येते.

म्हणून साइझ ठरली की आधी शेल घ्या, पुडक्यावरची आणि शेलच्या पाठीवरची दोन्ही साइझ वाचा. मग ते शेल रॉडमध्ये बसवून, टॉर्कने आवळून, रॉडच्या लांबीच्या दिशेने आतलं माप घ्या. जोडाच्या दिशेने घेऊ नका, तिथे शेल मुद्दाम थोडा पातळ असतो. समजा माप ४४.७९५ आलं आणि मॅन्युअल ०.०४ मिमी ढिलाई सांगतं, तर पिन ४४.७५५ ला हवी. ग्राइंडिंगवाल्याला "पहिल्या साइझला घ्या" असं न सांगता हा आकडा द्या. शेल, रॉड, ब्लॉक सगळं घेऊन गेलात तर तोच मोजून घेईल, आणि चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

कागदावर चार गोष्टी लिहून द्या. पिन आणि मेनचं हवं असलेलं माप. कोपऱ्यातली मूळ गोलाई तशीच ठेवायची. तिथे काटकोन झाला की क्रँक बरोबर त्या रेषेवर तुटतो. तेलाच्या भोकांच्या कडा मोडून द्यायच्या, नाहीतर ती धार शेल खरवडते. शेवटी पॉलिश, आणि तीही क्रँक इंजिनात ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने.

तपासा: क्रँक ताब्यात घेण्याआधी तिथेच, त्यांच्याच मायक्रोमीटरने आणि तुमच्याही, प्रत्येक जर्नल मोजा. बोटाचं नख कोपऱ्यात फिरवा. नख अडकता कामा नये.

परत आणताना सगळ्या जर्नलवर ग्रीस किंवा तेल लावून कागद गुंडाळा. पावसाळ्यात हाताच्या घामाचे ठसे दोन दिवसांत गंज होऊन उमटतात. एसटीत आणत असाल तर मांडीवर किंवा जुन्या टायरवर, सिमेंटच्या पोत्याशेजारी नाही. घरी आल्यावर आडवा टाकून महिनाभर ठेवू नका, उभा ठेवा किंवा टांगा.

टप्पा ६: धुणं

माझ्या मते अर्धी इंजिनं या टप्प्यावर मरतात. ग्राइंडिंगचा चिखल क्रँकच्या आतल्या तिरप्या वाटांत बसलेला असतो. हवा मारली की थोडा निघतो, बाकीचा पहिल्या दहा मिनिटांत शेलवर येतो.

वाटांना प्लग असतील तर काढा. लांब दांडीचा बारीक गोल ब्रश प्रत्येक भोकातून रॉकेल किंवा डिझेल घालून फिरवा. मग गरम पाणी आणि कपड्याचा साबण. तेलकट चिखल साबणाने जेवढा सुटतो तेवढा डिझेलने सुटत नाही. हवा मारा, लगेच तेल लावा. मेनच्या भोकात हवा मारली की ती पिनच्या भोकातून बाहेर आली पाहिजे, प्रत्येक पिनसाठी तपासा. शेवटी पांढऱ्या कापडाची वात ओढा. काळी आली तर पुन्हा साबण.

हेच ब्लॉकच्या तेलाच्या गॅलरीला. तेलाची चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी), जाळी, पाइप, प्रेशरचा वॉल्व्ह, ऑइल कूलर असेल तर तोही. जुने शेल फाटले असतील तर त्याचं चूर्ण कूलरमध्ये अडकून बसतं आणि धुवून पूर्ण निघत नाही. बदलायची तयारी ठेवा. पंप उघडून दातांमधलं अंतर फिलर गेजने पाहा.

सावधान: कापसाच्या मुलखात प्रत्येक गॅरेजच्या कोपऱ्यात कॉटन वेस्टचा गठ्ठा असतोच. तो हात पुसायला ठेवा. त्याचे धागे जाळीवर जमतात आणि प्रेशर पाडतात. इंजिनाच्या आत फक्त धुतलेलं, धागे न सुटणारं कापड.

टप्पा ७: कोरडी चाचणी, मग बसवणं

घर आणि शेलची पाठ कोरडी हवी. तेल फक्त शेलच्या आतल्या बाजूला, आणि चाचणीच्या वेळी तेही नाही. जर्नलवर प्लास्टिगेजची (दाबली की पसरणारी मऊ प्लास्टिकची) दोरी ठेवा, कॅप आवळा, क्रँक अजिबात फिरवू नका, कॅप काढून दोरी किती पसरली ते पट्टीवर वाचून ढिलाई वहीत लिहा. दोरीची एक बाजू रुंद आणि एक अरुंद आली तर टेपर आहे.

ढिलाई ठरल्यापेक्षा जास्त आली तर शेलची साइझ चुकलीय किंवा जर्नल जास्त घासलंय. कमी आली तर बहुधा शेलमागे कचरा आहे. दोन्ही वेळा उत्तर एमरी पेपर नाही.

माप जुळलं की तेल लावून बसवा. बोल्टच्या आट्यांना मॅन्युअल सांगत असेल तसं तेल, मग मधल्या मेनपासून बाहेर, तीन टप्प्यांत टॉर्क. काही गाड्यांत शेवटचा टप्पा अंशांत असतो आणि ते बोल्ट ताणले जातात. ते पुन्हा वापरू नका, नवीनच घ्या. "अंदाज आहे भाऊ, हात बसला आहे" हे वाक्य ऐकलं की टॉर्क रेंच पुढे करा.

प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा. अडकला तर शेवटची आवळलेली कॅपच दोषी. ती सोडा आणि कारण शोधा. सगळ्या मेन झाल्यावर एंड फ्लोट पुन्हा मोजा. रॉड लावताना बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर नवीन पॉलिश केलेल्या पिनवर आटे चरा पाडतात.

मागचं ऑइल सील नवीनच टाका. जुनं वाचवण्यात काही मिळत नाही. पुढे क्लच तेलकट झाला की गिअरबॉक्स पुन्हा उतरवावी लागते.

टप्पा ८: पहिला स्टार्ट

फिल्टरमध्ये तेल भरून लावा. पेट्रोलच्या गाडीत प्लग काढून आणि इंधन बंद करून, डिझेलच्या जुन्या गाडीत फ्युएल सोलेनॉइडची (डिझेल बंद-चालू करणाऱ्या वॉल्व्हची) वायर काढून, सेल्फ दहा-दहा सेकंद मारा. मध्ये मिनिटभर थांबा, सेल्फ तापतो. गेजवर प्रेशर येईपर्यंत हे करायचं. चार-पाच वेळा मारूनही आलं नाही तर सुरू करू नका, पंप हवा ओढतोय.

प्रेशर आलं की सुरू करा आणि १५०० ते २००० आरपीएमवर ठेवा, आयडलला सोडू नका. ढोबळ हिशेबाने गरम इंजिनाला दर १००० आरपीएममागे १० पीएसआयच्या आसपास प्रेशर हवं. अचूक आकडा मॅन्युअलचा. कमी येत असेल तर जाड तेल ओतून आवाज दाबू नका, परत टप्पा ६ कडे.

पहिल्या ५०० किलोमीटरला कापसाच्या गाठी, ट्रॉली, बारा माणसं नकोत. एका गिअरमध्ये इंजिन ओढवू नका आणि सतत एकाच वेगातही ठेवू नका. ५०० ला तेल आणि फिल्टर बदला, आणि तो फिल्टर फेकण्याआधी कापा. पांढऱ्या कापडावर उलगडून चुंबक फिरवा. पहिल्या वेळी थोडी करडी पूड दिसते, तिची काळजी नाही. बोटाला टोचणारी एकही चमकदार पापडी सापडली तर गाडी उभी करा आणि चेंबर उतरवून त्याच रॉडच्या कॅपपासून सुरुवात करा ज्याची ढिलाई वहीत सगळ्यात जास्त लिहिलेली आहे.